सव्वातीनशे आणि कंचेभागुबेव

सव्वातीनशे म्हणजे किती? तीनशे पंचवीस. विचार करावा लागला का? नाही ना. आता जरा थांबून बघा की डोक्याने नक्की काय केलं. सव्वा म्हणजे एक आणि पाव हे सगळ्यांना माहितीये, मग सव्वातीनशे म्हणजे तीनशे आणि वर सव्वा, असं ३०१.२५ का नाही आलं? किंवा तीनशेची सव्वापट, ३७५? दोन्ही उत्तरं तशी काही अगदीच वेडपट नाहीत, पण मराठी माणसाला ती सुचतच नाहीत. आपण गुपचूप आधी सव्वा आणि तीन यांना एका कंसात टाकतो, ते झाले ३.२५, आणि मग त्या सगळ्याला शंभराने गुणतो. (३ + १/४) × १००. कंस दिसत नाही, ऐकू येत नाही, पण आहे, आणि भाजीवाल्या मावशींपासून शेअरबाजारवाल्यांपर्यंत सगळे तो बरोबर एकाच जागी घालतात.

बरं एवढ्यावर भागत नाही. एकटा सव्वा म्हणजे १.२५, पण तीनच्या शेजारी बसला की त्याच्यातला एक गळून पडतो आणि फक्त पाव उरतो, आणि थेट शंभराच्या शेजारी बसला, सव्वाशे, की परत पूर्ण १.२५ होऊन गुणाकार करतो. पावणेदोनशेमध्ये वजाबाकी लपलीये, (२ − १/४) × १००, म्हणजे १७५. पाऊणशेमध्ये नुसता गुणाकार. साडे बिचारा एकटा कधीच येत नाही आणि एक-दोनच्या वाटेलाही जात नाही, तिथे दीड आणि अडीच यांची मक्तेदारी. इतके नियम, इतके अपवाद, आणि चौथीत शाळा सुटलेली माझी आजी हे सगळं कोळून प्यायलेली होती. तिला तर पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीड यांचे पाढे, पाठ होते, अगदी औटकीपर्यंत. औट म्हणजे साडेतीन. औट घटकेचा राजा म्हणतो ना आपण, ती घटका २४ मिनिटांची, म्हणजे राज्य एकूण ८४ मिनिटांचं, साधारण विरार ते चर्चगेट फास्ट लोकलच्या प्रवासाएवढं. त्यात बसायला मिळालं तर खरंच राजा.

हे सगळं डोक्यात आलं ते भाचीमुळे. सहावीत आहे, सेमी इंग्लिश, संध्याकाळी मी ऑफिसातून आले की गणिताची वही घेऊन येते, आमचे फ्लॅट एकाच मजल्यावर आहेत. आजीबरोबर, म्हणजे माझ्या आईबरोबर, बाजारात जाऊन जाऊन तिला सव्वा-दीड-अडीच सगळं येतं, जे तिच्या वर्गातल्या बऱ्याच पोरांना येत नाही. मुलुंड स्टेशनबाहेर भाजीवाली "चाळीस पाव" म्हणाली की ही लगेच सांगते की किलोला एकशे साठ झाले, महाग आहे, पुढे चला. चाळीस पाव या दोन शब्दांत रुपये नाहीत, किलो नाही, "ला" नाही, क्रियापद तर नाहीच, आणि तरी तिला अर्थ पूर्ण कळतो. (हेच दोन शब्द बेकरीत म्हटले तर हातात चाळीस पाव येतील, पण तिथेही कुणाचा गोंधळ होत नाही.) आणि हीच मुलगी वहीत (३ + १/४) × १०० दिसलं की म्हणते, "आत्या, हे कसं सोडवायचं?"

सोडवायचं. हा शब्द मला खटकतो. पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण "सोडवा", "किंमत काढा", "सरळरूप द्या" असं सुरू होतं, म्हणजे समोरची गोष्ट ही गाठच आहे आणि ती सोडवल्याशिवाय तुमची सुटका नाही. वाचा असं कुठेच लिहिलेलं नसतं. मराठीच्या पुस्तकात धडा आधी वाचायचा मग प्रश्न, गणितात डायरेक्ट प्रश्न. पदावली, म्हणजे आकडे आणि चिन्हांची ती ओळ, हे एक वाक्य आहे, कोणीतरी काहीतरी सांगतंय, हे मुलांना कळायच्या आधीच ती पेन्सिल घेऊन तुटून पडतात.

म्हणून मी एक सुरू केलंय. सोडवायचं नाही, आधी मोठ्याने वाचायचं, आणि ते सुद्धा आजीला कळेल असं. ५क्ष + ३ असेल तर "एका संख्येची पाचपट केली, त्यात तीन टाकले". ५(क्ष + ३) असेल तर? पहिल्यांदा ती म्हणाली "एका संख्येत तीन मिळवून पाचपट", आणि आजीने विचारलं कशाची पाचपट, तीनाची का? मग दोन मिनिटं विचार करून म्हणाली "एका संख्येत तीन मिळवले आणि त्या सगळ्याची पाचपट केली". त्या सगळ्याची! हा झाला आपला बोलायचा कंस. आपण दिवसभर वापरतो, "भाजी, वरण, भात, त्या सगळ्याचं मिळून किती झालं", फक्त त्याला कंस म्हणत नाही. तेव्हापासून वहीत कंस दिसला की ती "त्या सगळ्याची" म्हणते आणि निम्म्या चुका तिथेच गेल्या.

उलटा प्रवासही करून बघितला, वाक्यावरून पदावली. त्यासाठी रिक्षाचं मीटर झकास आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत दर वाढले तेव्हा पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये झाले आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७.१४. आता अंतर क्ष किलोमीटर धरा आणि भाडं लिहा. २६ + १७.१४ × (क्ष − १.५). कंस विसरला तर काय होईल हे तिला पैशात दाखवलं: साडेपाच किलोमीटर गेलो तर कंसासकट ९४.५६, म्हणजे ९५ रुपये, आणि कंस काढला तर ११८.७७. कंसाचे चोवीस रुपये! "रिक्षावाल्याला कंस नकोच असणार," असं तिचं म्हणणं पडलं.

आता कंचेभागुबेवकडे येऊ. मराठी मीडियमवाल्यांना आठवत असेल, कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी, या क्रमाने सोडवायचं. हा मंत्र माझ्या मते अर्धा सोन्याचा आहे आणि अर्धा डेंजर. सोन्याचा भाग म्हणजे "चे". १२ ÷ १/२ × ४ हे गणित डावीकडून करत गेलात तर १२ भागिले अर्धा २४, गुणिले चार ९६. पण १२ ÷ १/२ चे ४ असं लिहिलं असेल तर आधी अर्ध्याचे चार म्हणजे दोन, मग १२ भागिले २, उत्तर ६. "चे" म्हणजे गुणाकारच की, पण घट्ट गुणाकार, दोन आकड्यांना आधी चिकटवणारा. बोलताना आपण अगदी असंच करतो, "बारा लाडू निम्म्या घरात वाटले" म्हटल्यावर निम्मं आणि घर आधी एकत्र येतात.

आणि डेंजर भाग म्हणजे शेवटचं "बेव". आधी बेरीज मग वजाबाकी असं शब्दशः धरलं तर १० − ३ + २ मध्ये आधी ३ + २ पाच, आणि १० − ५ पाच. चूक! उत्तर ९ आहे. खात्यात दहा हजार होते, तीन हजार काढले, दोन हजार भरले, किती राहिले? नऊ हजार, कोणीही सांगेल, त्यासाठी मंत्र नको. खरा नियम असा की बेरीज आणि वजाबाकी एकाच पंगतीतल्या, डावीकडून उजवीकडे जायचं. गंमत म्हणजे "भागु"मध्ये हा घोटाळा होत नाही, सगळे भागाकार आधी उरकले तरी उत्तर तेच येतं, आणि मंत्रात "बेव" ऐवजी "वबे" असतं तर तिथेही कधी चुकलं नसतं, करून बघा. पण कंचेभागुवबे तोंडात बसत नाही, त्यामुळे चालत आलंय ते चालत आलंय.

२०१९ मध्ये ते ८ ÷ २(२ + २) वालं गणित व्हायरल झालं होतं आठवतंय? अर्धं जग म्हणालं १६, अर्धं म्हणालं १, आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर दोन दिवस कामं ठप्प. दर काही महिन्यांनी ते परत येतं, "फक्त जिनियसच सोडवू शकतात" असं वर लिहून. १६ वाले म्हणतात डावीकडून चला, ८ ÷ २ चार, गुणिले चार. १ वाले म्हणतात २(२ + २) मध्ये चिन्ह नाही, म्हणजे ते दोघं चिकटलेले आहेत, आधी ते ८ करा. कॅल्क्युलेटरसुद्धा सगळे एकच उत्तर देत नाहीत, कुठला १६ दाखवतो कुठला १. भाचीला दाखवलं तर तिने एक सेकंद बघितलं आणि म्हणाली, "आत्या, यात मध्ये चे आहे का गुणिले आहे ते लिहिलंच नाहीये." अख्ख्या ग्रुपवर दोन दिवसांत इतकं मुद्देसूद कोणी बोललं नव्हतं. ते वाक्यच धड लिहिलेलं नाही, त्यात जिनियसचा काय संबंध? गणित शिकलेली मंडळी ÷ हे चिन्ह मोठेपणी जवळजवळ सोडूनच देतात, वर-खाली अपूर्णांक लिहितात, आडव्या रेषेच्या खाली काय आहे ते दिसतंच, भांडणाला जागा नाही. ते ÷ भागाकारासाठी छापलं गेलं १६५९ मध्ये, योहान राह्न नावाच्या स्विस माणसाच्या पुस्तकात, आणि युरोपात काही ठिकाणी तर तेच चिन्ह वजाबाकीसाठी वापरायचे.

मी अकाउंट्सला आहे, दिवसभर एक्सेल, त्यामुळे माझा या विषयावर थोडा राग पण आहे. एक्सेलमध्ये = लिहून −२^२ टाका, ४ येतं. गणिताच्या पुस्तकाप्रमाणे ते −४ हवं, आधी वर्ग मग वजा. आणि तिथेच ०−२^२ टाका, आता −४ येतं! एक्सेल वाक्याच्या सुरुवातीचा वजा आकड्याला चिकटवतं आणि मधला वजा सुटा ठेवतं. माहीत असेल तर ठीक, नसेल तर बसा शोधत.

चिन्हं ही तशी कालपरवाची गोष्ट आहे हे पण लोक विसरतात. भास्कराचार्यांच्या बीजगणितात, म्हणजे साधारण ११५० च्या आसपास, अज्ञात संख्येला "यावत्तावत्" म्हणायचे आणि लिहिताना नुसतं "या", सुट्या आकड्याला "रू", म्हणजे आपलं ३क्ष + ५ ते "या ३ रू ५" असं लिहायचे, मध्ये अधिकचं चिन्हच नाही. ऋण संख्या असेल तर आकड्यावर टिंब. एकापेक्षा जास्त अज्ञात आले की मग रंग, कालक, नीलक, पीतक. आणि बाकी प्रश्न श्लोकात! ब्रह्मगुप्ताने त्याच्याही आधी, ६२८ मध्ये, अधिक-वजाचे नियम सांगितले ते धन आणि ऋण या शब्दांत, सरळ पैसा आणि कर्ज. म्हणजे गणित मुळात वाक्यातूनच आलंय, आपण त्याचा शॉर्टफॉर्म केला आणि मग मुलांना शॉर्टफॉर्मच शिकवायला लागलो.

बरोबरचं चिन्ह १५५७ मध्ये रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श माणसाने आणलं, दोन समांतर रेषा, कारण याहून सारख्या दोन गोष्टी त्याला सापडेनात. पण मुलांच्या वहीत त्याचा अर्थ "मग" असा असतो. ५ + ३ = ८ × २ = १६ − १ = १५. पाचात तीन, मग आठ, मग दुप्पट, मग एक कमी. उत्तर बरोबर, पण ती ओळ म्हणतेय की ५ + ३ म्हणजे १५. ८ + ४ = ▢ + ५ असं दिलं तर बरीच मुलं चौकटीत १२ लिहितात, कारण त्यांच्या मते = म्हणजे आता उत्तर टाक. मोठी माणसं पण करतात हे, किराण्याच्या बिलाच्या मागे बघा.

आणि टिंब, म्हणजे पॉइंट! ९.३० ची लोकल म्हणजे साडेनऊची, ९.५० म्हणजे दहाला दहा कमी, तिथे कोणी साडेनऊ म्हणत नाही. पण ९.५० रुपये म्हणजे साडेनऊ रुपये. आणि शिवाजी पार्कात कुठल्याही पोराला विचारा, ४.३ ओव्हर झाल्या म्हणजे किती? साडेचार. ओव्हरमध्ये सहाच बॉल, त्यामुळे ४.६ कधी लिहीतच नाहीत, ५ होतात. ४.३ ओव्हरमध्ये ४८ रन झाले तर रनरेट काढताना ४८ ला ४.५ ने भागायचं, १०.६७ येतो, कॅल्क्युलेटरवर ४.३ टाकलं तर ११.१६ दाखवतो आणि मॅच हरलेली टीम खूश. एकच टिंब, कुठे साठाचं, कुठे शंभराचं, कुठे सहाचं, आणि मुंबईचं पोर तिन्ही भाषा एकाच संध्याकाळी बोलतं.

यावरून २०१९ मधलाच दुसरा वाद आठवला, बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात पंचवीसला "वीस पाच" असंही वाचायला दिलं होतं त्यावरून केवढा गदारोळ, विधानसभेतही गाजलं. मंगला नारळीकर गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, त्यांचा मुद्दा साधा होता की आपण बोलतो पंच-वीस, पाच आधी, आणि लिहितो २ आधी, शिवाय एकोणतीस म्हणजे तीसात एक कमी, सहा-सात वर्षांच्या पोराने त्रेसष्ट आणि छत्तीसमध्ये गोंधळ केला तर नवल काय. मला तो मुद्दा शंभर टक्के पटतो. आणि तरी एकोणतीस, एकोणचाळीस जाऊ नयेत असंही वाटतं, कारण एकोण म्हणजे वजाबाकी आहे, ती लहानपणीच फुकटात कानावर पडते. दोन्ही वाटतं मला, काय करणार.

गणिताला हसतो आपण पण बोलण्यातही कंस चुकतो, आणि तिथे तो महाग पडतो. आईने भाचीला सांगितलं, "अभ्यास केलास तर मोबाईल मिळेल." भाचीने अभ्यास केला नाही आणि मोबाईल मागितला, का तर आजीने "तरच" म्हटलं नव्हतं. लॉजिकच्या पुस्तकाप्रमाणे ती शंभर टक्के बरोबर आहे, अभ्यास केला तर मिळेल, नाही केला तर काय याबद्दल वाक्य गप्प आहे. घराच्या लॉजिकप्रमाणे तिला मोबाईल मिळाला नाही. एका "च"ने सगळा सौदा फिरतो, आणि तो "च" कधी बोलायचा आणि कधी समजून घ्यायचा हे मात्र कुठल्या मंत्रात नाही.

"नाही"चं तर विचारूच नका. मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या बोर्डावर नोटीस लागली, "सर्व सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही, त्यामुळे लिफ्टचं काम पुढे ढकललं आहे." सेक्रेटरींना म्हणायचं होतं की सगळ्यांनी भरलेला नाही, काहींनी भरलाय, काहींचा बाकी आहे. ज्यांनी एक तारखेलाच भरला होता त्यांनी वाचलं की सर्वांनीच नाही भरला, म्हणजे आम्ही पण नाही भरला असं म्हणता का? नाही हा शब्द "सर्व"ला लावायचा की "भरला"ला, कंस कुठे घालायचा, हा प्रश्न आमच्या ग्रुपवर रात्री साडेअकरापर्यंत चालला, पावत्यांचे फोटो पडले, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी तर बँकेचं स्टेटमेंट टाकलं. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींनी नोटीस बदलली. आता लिहिलंय, "काही सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही." आता सगळे विचारतायत काही म्हणजे कोण.